‘वाट’ म्हटलं की डावीकडे

सर, तुम्ही असतात तर आज मी तुम्हाला फोन केला असता आणि तुम्ही पहिल्यांदा विचारलं असतंत, "किती जणी पळाल्या?" माझं बरं आहे ना, घरी सगळे कसे आहेत, हे नंतर. म्हणून आधी तेच सांगते. आज माझ्या शाळेत क्रॉसकंट्रीची निवड चाचणी होती. नऊ जणी पळाल्या, सहा जणी जिल्हा स्पर्धेला जाणार आणि मी घोट्यापर्यंत चिखलाने भरून घरी आले. चिखलाचं शेवटी सांगते. तुम्हाला घाई असली तरी थांबा, तुम्ही आम्हाला काही कमी ताटकळत ठेवलेलं नाही.

आपल्या राजूरच्या शाळेला मैदान म्हणजे झेंड्याभोवतीचं अंगण. भात कापून झालं की तुम्ही आम्हाला पळायला खाचरांच्या बांधावर न्यायचात. बांध एका माणसापुरता, म्हणून एकीमागे एक अशी रांग. सगळ्यात मागची जोर लावून पुढे निघायची, "वाट!" म्हणून ओरडायची आणि बाकीच्यांनी डावीकडे खाचरात पाय टाकून तिला जाऊ द्यायचं. ती पुढे पोचली की नवी मागची निघायची. शाळेतली पोरं आम्हाला आगगाडी म्हणून चिडवायची. एखादीने हटायला उशीर केला की तुम्ही लांबूनच ओरडायचात, "बांध काय तुझ्या सातबाऱ्यावर हाय का गं?" तुमच्या आवाजाने बगळे उडायचे. आम्ही मात्र इतक्या तयार झालो की मागून "वाट" ऐकू आलं की पाय आपोआप डावीकडे पडायचा, डोकं मध्ये यायचंच नाही.

माझ्या वेळची निवड चाचणी त्याच बांधांवर होती, तेव्हाही सहाच जणी निवडायच्या होत्या. पुढच्या वर्षी माझं वय त्या गटात बसणार नव्हतं, त्यामुळे जायचं तर तेव्हाच. माझी बाकावरची मैत्रीणही पळत होती. एरवी आम्ही एका डब्यात जेवायचो, पण त्या सकाळी तिच्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. शेवटचा बांध येतो. मी सहावी आहे, ती सातवी. समोर तुम्ही उभे दिसताय, गळ्यात मफलर, हातात शिट्टी. मागे तिचा श्वास जवळ येतोय, मी दात आवळून पळतेय. आणि ती ओरडते, "वाट!" माझा डावा पाय खाचरात. पुन्हा बांधावर चढून पळायला लागेपर्यंत ती तुमच्यापाशी पोचलेली होती.

"मधीच का हटलीस?" तुम्ही माझ्यावर खेकसलात.

"सर, ती वाट म्हणाली."

मैत्रीण रडायलाच लागली. "सर, मी मुद्दाम न्हाई म्हनले. दम लागला की तोंडातनं तेच निघतं." तुम्ही खाली बसून तुमच्या बुटाची नाडी सोडलीत, परत बांधलीत आणि उठून म्हणालात, "लागला तो निकाल लागला." मला तुमचा भयंकर राग आला. आम्हा दोघींना परत पळवायला हवं होतं असं मला वाटलं. आता मी स्वतः चाचण्या घेते. तिनेही काही चोरी केली नव्हती, हे आता कळतं. तरी कधी कधी अजून तसंच वाटतं.

संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही कोपऱ्यातला पाट स्वतःच ओढून घेतलात आणि आईला म्हणालात, "बाई, चूक माझी आहे. पोरींना हटायची सवय मी लावली, आणि आज हटू नका हे सांगायचं विसरलो." शाळेचा मास्तर आपल्या घरी येऊन चूक माझी म्हणतो, हे आईने कधी पाहिलेलं नव्हतं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं पोरीनं काय वंगाळ केलं. वाट दिली तर दिली. जेवून जावा आता." तुम्ही माझ्याकडे न बघता दोन भाकरी खाल्ल्यात. मला त्या भाकरींचाही राग आला. निघताना तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी ये. तिची एकटीची तयारी व्हायची न्हाई." मी आले. ती स्पर्धेला जाईपर्यंत रोज तिच्या बरोबरीने पळले, तोंड फुगवून. रांग मात्र तुम्ही त्या दिवसापासून बंद केलीत.

पुढे मला कोपरगावकडच्या शाळेत नोकरी लागली. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही पेढा हातातच धरून म्हणालात, "पोरींना आधी हटायला शिकवू नको." इतकी वर्षं ते तुमच्या मनात होतं! मी काही बोलायच्या आत तुमच्या घरच्या बाईंनी चहा आणला आणि विषय निघून गेला. त्यानंतर वर्षभरात तुम्हीच गेलात.

तुमचं ऐकलं नाही, सर. रांग मी परत सुरू केली. इथे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी, म्हणून शेतांना कालव्याचं पाणी नेणाऱ्या चारीच्या काठाने पळतो. रांगेत पळालेली मुलगी मागच्या दमलेलीचं ऐकायला शिकते. मी तिथेच शिकले. पण चाचणीच्या आधी बजावते, आज कोणी वाट मागायची नाही आणि मागितली तरी द्यायची नाही. इतक्या वेळा बजावते की मुली तोंड लपवून हसतात.

आज मी शेवटच्या वळणावर चारीच्या कडेला उभी होते. सहावी आणि सातवी जवळजवळ एकत्र आल्या. मागची ओरडली, "वाट!" तिच्याही तोंडून निघालंच. पुढचीचा खांदा किंचित डावीकडे झुकला, आणि ती सरळ पळत राहिली. ती हटली नाही, सर. हटले मी. या वयात, शिट्टी तोंडात धरून, थेट चारीतल्या चिखलात.

शर्यत संपल्यावर दोघी धापा टाकत परत आल्या. "मॅडम, तुमी कशाला हटल्या?" दोघींनी एकेक हात धरून मला वर ओढलं. जिची जागा गेली, तीच जास्त जोराने ओढत होती. मी तिला म्हणाले, "उद्या सकाळी ये." ती म्हणाली, "न्हाई यायची." येईल ती.

बूट दारात वाळत ठेवलेत. हे कागद आता घडी करून कपाटात जातील. फक्त वर एक अर्धवट लिहिलंय, ते पुरं करते. भाकरींचा राग आला होता, पण तुमची दुसरी भाकरी संपेपर्यंतसुद्धा तो टिकला नाही. मी दाराआड उभी राहून रडत होते, कारण आमच्या घरात माझ्यासाठी कोणी असं येऊन बसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उगीच तोंड फुगवून आले, आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत खरं वाटत राहिलं.