कुबातसाठी चार जण

ओश शहर, ४ ऑक्टोबर १९९९

चि. मामिर यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? तुझ्या बायकोचा, अनारचा, खोकला थांबला का? लेक नाझिराचा साखरपुड्याचा झगा शिवून झाला का? घोडी लंगडत होती, ती चालते का? सगळ्यांचे विचारले. आता ज्याचे तू विचारत नाहीस, त्या तुझ्या मुलाचे सांगते.

कुबात कालपासून इस्पितळात आहे. हातांच्या शिरा संपल्या तसा तो जांघेत नशेची सुई टोचू लागला. तिथे लिंबाएवढे फुगले. मी अडाणी, गळू समजून आठ दिवस भाजलेला कांदा बांधला. डॉक्टर दामिराने माझा हात ओढून त्यावर ठेवला. आत धडधडत होते. ती म्हणाली, गळू कधी धडधडत नाही. ही मोठी रक्तवाहिनी सडून फुगली आहे, घरी चिरली असतीत तर तिथेच संपला असता. सडका तुकडा काढून दोन्ही टोके बांधणार. पुवात नवी नळी टिकत नाही म्हणे. रक्ताने आडवाट शोधली तर पाय राहील.

चार जणांचे रक्त हवे. इस्पितळात थेंब नाही, माणसे घरच्यांनीच आणायची. दोन दिवसांत पाठव.

तुझी थोरली बहीण,
बुरुल

गाव, ५ ऑक्टोबर

ती. बुरुल एजे, धाकट्या भावाचा सलाम वि. वि.

आम्ही ठीक. पण कुबात रशियात बांधकामावर आहे असेच गावाला सांगितले आहे. खरे कळले तर व्याही नाझिराला नाकारतील. म्हणून रक्त तुमच्यासाठी हवे असे सांगतो. तुमच्या नावावर गाव धावेल. तुम्ही फक्त खाटेवर पडून राहा. जीपवाल्याकडे हे पत्र आणि लोणी दिले आहे. लोभ असू द्यावा.

आपला धाकटा,
मामिर

ओश, ११ ऑक्टोबर

चि. मामिर, या खेपेला आशीर्वाद अर्धेच.

लोणी पोचले. चार माणसेही पोचली, त्यांत तुझे होणारे व्याही जोलदोश. मी खाटेवर पडले नाही. दारात उभी राहून सांगितले की रक्त कुबातसाठी हवे, तो रशियात कधी गेलाच नाही, हे सुईने झाले आहे, आणि ज्याला परतायचे त्याने आत्ताच परतावे. दोघे टोप्या सारख्या करत निघून गेले. जोलदोशनी आणि चौथ्याने बाह्या वर सारल्या. जोलदोशनी विचारले, मुलाचा बाप कुठे आहे. दोनदा विचारले. साखरपुड्याचे ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

उरलेल्या दोन बाटल्या दामिराने आणि तिच्या ड्रायव्हरने दिल्या. परक्यांनी, मामिर.

शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस पाय बर्फासारखा होता. आज ऊब आली, अंगठा हलला. सुई सोडेल का, याची हमी मी देत नाही.

रोज सकाळी तो विचारतो, बाबांचे पत्र आले का. मी सांगते, जीप आली नाही. तुझ्यासाठी मी यापुढे खोटे बोलणार नाही. तेव्हा लगेच पत्र लिही. मला नको, त्याला.

बुरुल