आजीच्या कपाळावरचे पाच ठिपके

नितीनदादा,

मी सकाळच्या जीपने कासाला जातेय, आजीच्या बाराव्याचा बॅनर करायला. तू कॉम्प्युटरवर तिच्या फोटोचं कार्टून केलंस ते छानच झालंय, पण सुरकुत्यांबरोबर कपाळावरचं गोंदणही पुसलं गेलं. म्हणून आई काल "ही आमची म्हातारी नाही" म्हणाली. मेल्यावर गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं, असं आजीच सांगायची ना.

तू ताटावरून उठून गेलास, मग आईने तुझ्याच प्रिंटवर पेनाने पाच ठिपके काढले. मी मूळ फोटो लावूया म्हटलं, तर म्हणाली, "नको, माझ्या पोराने केलाय तोच लाव." तोच घेऊन चाललेय.

नाचणीची भाकरी झाकून ठेवलीय, दोघांची. आईही कालपासून जेवलेली नाही.

प्रगती