पाया नाही, नुसते पाय

४ फेब्रुवारी
ठरलं. मागच्या अंगणात एक छोटी शेड बांधायची. बागेच्या अवजारांसाठी. एकांत मला नको आहे, अवजारांना हवा आहे. सध्या एक खुरपं आणि एक गळकी झारी आहे. पण वाढतील.

५ फेब्रुवारी
नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, खुरप्याला खोली? मी म्हटलं, ते आईंच्या पायात येतं. सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, माझ्या नाही गं कधी आलं.
त्या दिवसभर हॉलमध्ये बसतात, आणि हॉल ओलांडल्याशिवाय आमच्या घरात कुठेच जाता येत नाही. जाता-येता त्या बोलतात. छान बोलतात. माझी काहीही तक्रार नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी
बांधकाम परवान्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पाया घालणार असाल तर परवानगी लागेल. नकाशा, इंजिनिअरची सही आणि जागा ज्यांच्या नावावर आहे त्यांचा अर्ज.
जागा सासूबाईंच्या नावावर आहे. म्हणजे शेड कशाला, हे त्यांना समजावून सांगावं लागणार. या वयात त्यांना कशाला त्रास?
विचारलं, पायाच नसेल तर? बाई म्हणाल्या, लहानशी, उचलून हलवता येईल अशी, फक्त सामानापुरती असेल तर परवानगी नको. माणसाची ऊठबस नको म्हणजे झालं. मी म्हटलं, छे, तिथे कोण बसणार.
येताना सासूबाईंसाठी मऊ चपला घेतल्या. सहजच.

११ फेब्रुवारी
सुताराला सांगितलं, पाया नको, पाय लाव. टेबलाला असतात तसे चार. तो लगेच हो म्हणाला.
शेजारचे दुर्बीणकाका (दिवसभर कुंपणावरून आमच्याकडे बघतात) म्हणाले, अहो, इथे पूर्वी खड्डा होता, माती भरावाची आहे, निदान खाली खडी ठोकून घ्या. मी म्हटलं, खडी आली की पाया आला, आणि पाया आला की परवानगी आली. पाया आणि पाय यांत फरक एका कान्याचा. मी त्याच्याकडे कानाडोळा केला.
दाराला आतून कडी हवी असंही सांगितलं. सुतार म्हणाला, ताई, आतून कोण लावणार, कुदळ? मी म्हटलं, वाऱ्यासाठी. तो म्हणाला, वारा आतून कडी लावतो हे मला नवीन आहे.

१२ फेब्रुवारी
का कोण जाणे, मन खातंय. रोज संध्याकाळी तासभर सासूबाईंजवळ बसायचा निश्चय केला. आज म्हटलं, आई, तुमच्या शाळेतल्या पडक्या भिंतीची गोष्ट सांगा ना. मला ती पाठ आहे. त्यांनी जरा थांबत थांबत सांगितली. वयामुळे असेल.

१९ फेब्रुवारी
शेड उभी राहिली. आत खुरपं आणि झारी. शिवाय एक खुर्ची, वरचं सामान काढायला. खुर्चीवर उशी, खुर्ची टणक आहे म्हणून. एक कादंबरी, अवजारांची माहिती त्यात नाही, पण असू दे.

२१ फेब्रुवारी
दुपारी अवजारं मोजायला गेले. बराच वेळ लागला. कडी लावली. कोणी हाक मारली नाही, कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. कादंबरीची सतरा पानं झाली आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं. रंगाचा वास असेल.
संध्याकाळी भरपाई म्हणून सासूबाईंकडून दोन गोष्टी ऐकल्या. त्या म्हणाल्या, तुला काही कामं नाहीत का गं? किती विचार करतात माझा.

२७ फेब्रुवारी
शेडचा एक पाय थोडा आत गेलाय. झारी आपोआप कोपऱ्यात घसरते. उलट सोयच झाली, कायम जागेवर सापडते.

२ मार्च
दुपारी बाहेरच्या कामात अडकले, शेडकडे गेलेच नाही. संध्याकाळी बघते तर शेडमध्ये ठेवलेल्या डब्यातली बिस्किटं कमी. उंदीर असणार. झाकण परत नीट लावणारा.
आज सासूबाईंना लहानपणापासून सुरुवात करायला सांगितली. त्यांनी डोळे मिटून घेतले. आठवणीत रमल्या असाव्यात.

४ मार्च
शेड दुर्बीणकाकांच्या भिंतीकडे झुकली आहे. दुपारी गेले तर दार उघडेना. आतून कडी. म्हणजे झुकल्यामुळे ती आपोआप पडली. सुताराला सांगायला हवं की वारा खरंच आतून कडी लावतो.
घरात परतले. हॉलमध्ये कोणी नव्हतं. सासूबाई आत झोपल्या असतील. उठवलं नाही.

६ मार्च
काकांनी तक्रार केली. परवाना ऑफिसातले साहेब आले. मी म्हटलं, पाया नाही, नुसते पाय आहेत, आणि आत फक्त अवजारं. त्यांनी दार ढकललं. आतून आवाज आला, कोण आहे, मी जरा बसलेय.
सासूबाई बाहेर आल्या. पायात मऊ चपला, हातात माझी कादंबरी. पानांत घातलेली त्यांची खूण माझ्या खुणेच्या बरीच पुढे होती.
साहेब म्हणाले, ही तर माणसाची ऊठबस. पाया घाला, परवानगी घ्या, तोवर शेड बंद.
सासूबाई त्यांना म्हणाल्या, काय करू हो. सून गुणाची आहे. दिवसभर माझ्यासमोरून जाते, तिला परकं वाटू नये म्हणून मी बोलत राहते. पण संध्याकाळीही येऊन बसते, गोष्टी सांगा म्हणते. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल. तोंड दुखतं माझं. म्हणून दुपारी इथे येऊन गप्प बसते.
मी खुरप्याकडे बघत राहिले. ते अजून कोरं करकरीत आहे.

९ मार्च
दोघी परवाना ऑफिसात गेलो. शेड कशासाठी, असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं. मी अवजारं म्हणणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, एकटीने बसायला. बाईंनी विचारलं, कोणी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, पाळीपाळीने.
मला मान वर करून बघवेना.

१० मार्च
इंजिनिअर म्हणतो, भराव काढून पाया घ्यायला वेळ लागेल. खुर्ची, उशी, झारी, सगळं सामान हॉलमध्ये आणून ठेवलंय.
संध्याकाळी सासूबाई कादंबरी वाचत होत्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, आज गोष्ट नको हं. मी म्हटलं, मी कुठे मागितली? मग दोघी गप्प.
बऱ्याच वेळाने मीच विचारलं, पुढे काय होतं त्यात?
त्या म्हणाल्या, तू जरा खोलीत जाऊन बसतेस का?