मीटरवरचे नाव

आप्पा, शेजारच्या घराच्या गच्चीवर गेल्या महिन्यात सौर पॅनेल बसले आणि काल त्या घराचे पहिले नवे बिल आले. हे तुम्हाला कळवावेसे वाटले, कारण हर्सूलच्या या गल्लीतली विजेची मीटरे एके काळी तुम्ही वाचत होता आणि ती वाचायला मला शिकवलेतही तुम्हीच.

मी अकरा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी लागली की तुम्ही मला फेरीवर घेऊन जाता. सायकलच्या दांडीवर मी आणि मागे कॅरिअरला नोंदवही. एका घरी मी स्टुलावर उभी राहून आकडे सांगते आहे, तुम्ही लिहून घेत आहात. एक काटा सात आणि आठ यांच्या मध्ये आहे, आठाला जवळजवळ टेकलेला. मी आठ म्हणते. तुमचा हात थांबतो. घरातली सगळी माणसे पाहत असताना तुम्ही मला पुन्हा नीट बघायला लावता. काटा आठावर पोचला का, असे विचारता. पोचतच आलाय, असे मी सांगते.

"पोचत आलाय म्हंजी पोचला नाय. जी वीज जळालीच नाय, ती लोकांच्या नावावर टाकायची नसती."

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी रडत होते. पुढे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना, आधारविधानांत जे नाही ते निष्कर्षात आणू नये, हे मी पहिल्याच तासाला सांगत असे. तो नियम मला पुस्तकाच्या आधी एका स्टुलावर मिळाला होता, हे विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. तुम्हालाही सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा मला कळत नव्हती. फेरी संपल्यावर तुम्ही वस्तीत कोणाच्या तरी ओट्यावर बसून गरीब घरांना मिळणाऱ्या एका दिव्याच्या सरकारी जोडणीचे अर्ज भरून देत असा. ते तुमचे काम नव्हते आणि त्यापायी आपल्याला घरी पोचायला उशीर होई. मी कुरकुर करी. सरकारी साहाय्याविषयी पुढेही मी साशंकच राहिले. ते गरजूपर्यंत पोचते हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते देणाऱ्यावर असते, असे माझे मत होते. आजही आहे. फक्त आता माझ्याजवळ एक उदाहरण आहे.

शेजारीण घरी शिवणकाम करते, मोटर लावलेल्या मशीनवर. नवरा वाळूजला कारखान्यात होता; तो गेला. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला उन्हाळ्यात कूलरशिवाय चालत नाही. वाढत्या बिलामुळे शेजारीण आधी कूलर बंद ठेवू लागली, मग मशीन. कमी उत्पन्नाच्या घरांना पॅनेलसाठी सरकार मदत देते, हे तिला मीच सांगितले. अट एकच आडवी आली: अर्जदाराचे आणि बिलावरचे नाव एकच हवे. बिल नवऱ्याच्या नावावर होते, आणि ते बदलायला ती तयार नव्हती. मुदतीला चार दिवस उरले होते.

मी सवयीने युक्तिवाद मांडला. नाव हा वापराचा पुरावा आहे, नात्याचा नव्हे. ते बदलल्याने गेलेल्या माणसाचे काही हिरावले जात नाही. न बदलल्याने जिवंत माणसाचे मात्र जाते. तिने मशीनवरचे कापड घडी घालत सगळे ऐकून घेतले.

"मॅडम, तुमचं समदं पटतंय. पण रेशनकार्डातून ह्यांचं नाव काढलं, बँकेतून काढलं. महिन्याच्या महिन्याला ह्यांच्या नावानं घरी येतंय ते येवढंच." मग तिने विचारले, "तुमच्या बिलावर कुणाचं नाव हाय?"

"माझं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि नाव बदलण्याचा अर्ज पुढ्यात ओढून सही केली. कार्यालयात मी तिच्यासोबत गेले. तिथल्या तरुण अभियंत्याने राहून गेलेला कागद स्वतः सांगून मागून घेतला. कोणी कुणाला हात जोडले नाहीत. काल ती नवे बिल घेऊन आली. आकडा इतका कमी, की तो चुकला असेल म्हणून तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. सासू म्हणाली म्हणे, "आता कूलर बंद करायला निमित्त राह्यलं नाय तुला." सांगताना तिला हसू आवरत नव्हते. त्या ओट्यांवर तुम्ही कशासाठी बसत होता, हे मला काल समजले, आप्पा. त्याबद्दल, आणि त्या स्टुलाबद्दल, मी तुमची ऋणी आहे.

आता राहिलेले एक. माझ्या बिलावर माझे नाव नाही. तुम्ही गेल्यापासून दर महिन्याला ते तुमच्याच नावाने येते. अर्जाला काय काय लागते ते मला पाठ आहे, तुमच्या मृत्यूचा दाखलाही कपाटात आहे. शेजारणीला मी अजून खरे सांगितलेले नाही. हे पत्र पाठवायचे ठरवले, तरी तुमच्या नावापुढे लिहायला माझ्याकडे एकच पत्ता आहे, त्या बिलावरचा. आणि तिथले टपाल मीच घेते.