सनईसह मशीन जोडणी

४ नोव्हेंबर
...पायरीवर पाणी मारून झालं होतं, दिवा लावला होता, पोह्यांना फोडणी बसत होती, आणि हे पिशवीत पाने-पकडी भरता भरता विचारत होते, साबण कुठंय. दूध काढायचं मशीन बसवायला निघालेल्या माणसाला साबण कशाला, म्हणून मी चिडले. आधी गायीची कास धुवायची, मग तिच्याशी दोन शब्द बोलायचे, मग मशीन, असं म्हणून गेले आणि ऊन उतरल्यावर परत आले. एका मशीनला अख्खा दिवस! रोजचीच सकाळ ती. आज पायरी धुताना का आठवली, कळत नाही.
हे जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून आमचं मशीनचं दुकान मी बघते आणि मशीन बसवायला धाकटे दीर रामहरी भावजी जातात. आता साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, त्यांची ड्युटी लागली. म्हणाले, वहिनी, आता तुम्हीच जा, इतकी वर्षं ऐकलंय सगळं.
मी कुणाच्या गोठ्यात जाणार नाही. मनाला लागण्यासारखं त्यात काही नाही. वेळेचा प्रश्न आहे.

६ नोव्हेंबर
कंपनीचा व्हिडिओ पाहिला. हिंदीत. गुळगुळीत दाढीचा माणूस, हातात पांढरे मोजे, टेबलावर मशीन, मागे ढणढण संगीत. गाय कुठेच नाही. याला एकदा तरी गायीची लाथ बसायला हवी होती.
असला व्हिडिओ आमच्या गिऱ्हाइकांना काय कळणार? त्यांना छापील पत्रक दिलं तर त्यावर भजी ठेवून खातात. मी लग्न होऊन कोल्हारला आले तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं. मालाच्या खोक्यांवरची अक्षरं लावत शिकले, आता जाड पुस्तकंही संपवते. या लोकांनी निदान बघून तरी शिकावं.
ठरलं. व्हिडिओ मी स्वतः करणार. स्वच्छ मराठीत. मग कुणी बोलवायला नको, कुणी जायला नको.

९ नोव्हेंबर
शूटिंग पार पडलं. मोबाईल स्टुलावर उभा केला. गाय कुठून आणणार? रबरी हातमोज्यात पाणी भरून दोरीला टांगला. बोटं हुबेहूब सडांसारखी दिसतात. अंगठा बांधून टाकला, कारण सड चारच असतात हे आमच्या लोकांना तेवढं माहीत आहे.
कास धुणं, गायीशी बोलणं वगैरे घेतलं नाही. व्हिडिओ कसा नेमका हवा.

११ नोव्हेंबर
राहात्याला जाऊन आले. तिथला लग्नाचे व्हिडिओ करणारा संगीत जोडून देतो. काहीतरी गंभीर लाव म्हटलं, तर त्याने सनई लावली. म्हणाला, मावशी, माझ्याकडे यापेक्षा गंभीर काही नाही.
ऐकताना थोडा वेळ डोळ्यांना पाणी आलं. त्याच्याकडे उदबत्तीचा धूर फार होता.
माझा आवाज सनईखाली जरा दबला आहे. पण चित्र स्पष्ट आहे.

१२ नोव्हेंबर
यूट्यूबवर टाकला. भावजींनी बघितला. वहिनी, मशीन जोडायचंय का मशीनचं लगीन लावायचंय, म्हणाले. शिकल्या माणसाने असं बोलावं! पुढे म्हणाले, दादा असता तर... मी गल्ला मोजायला घेतला.

१५ नोव्हेंबर
पहिलं मशीन व्हिडिओवर गेलं. नेवाशाकडच्या वस्तीवरच्या साळूबाई. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले, जाण्याआधी मुलगा मशीन घेऊन गेला. म्हातारीचे हात सुजतात आणि घर त्या एका गायीच्या दुधावर चालतं. मशीन बसवायला कोण येणार, असं त्याने विचारलं. व्हिडिओ येणार, म्हटलं.

१७ नोव्हेंबर
साळूबाईंचा फोन. मशीन लागलं! म्हणाल्या, बाई, गायीनं असा पान्हा सोडला का कॅन भरला. झालं की नाही? दीड वर्ष भावजींना उगीच पळवलं. आणि ह्यांनी तर जन्मभर उगीच...
असो.

१९ नोव्हेंबर
व्हिडिओ बघणारे वाढतायत. गंमत म्हणजे रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आकडा पुढे सरकतो. लोक कामाला लागण्याआधी नेमाने अभ्यास करतात, असा अर्थ. आणखी व्हिडिओ करायचे : कडबाकुट्टी, फवारणी पंप. सगळ्यांना सनईच.
गावातल्याच कानिफनाथने मशीन नेलंय, त्याचा फोन आला. मशीन टकटक वाजायला पाहिजे म्हणत्यात, पर सनईत काय बी ऐकू यीना, तुमीच या की दोन मिनिटं. पाच घरं सोडून राहतो. व्हिडिओ पुन्हा पाहा म्हटलं. या लोकांना माणूस दारात आल्याशिवाय समाधान नाही.

२२ नोव्हेंबर
साळूबाई परत. म्हणाल्या, ते लगीन संपलं का गाय दूध चोरती. मला कळेना. मग उलगडलं. बाई रोज दोन्ही वेळा दूध काढताना माझा व्हिडिओ गायीपुढे लावते. पहिल्या दिवशी लावूनच मशीन जोडलं, गाय पान्हावली, तेव्हापासून तिला सनई लागते. मशीनसंगच येतंय न्हवं ते, म्हणाली.
म्हणजे जिल्हा अभ्यास करत नव्हता. एक गाय करत होती.
सनई संपली की परत लावा, असं सांगून फोन ठेवला. अडाणीपणाला काही सीमा?

२५ नोव्हेंबर
संध्याकाळी पुन्हा साळूबाईंचा फोन, शेजारच्या वस्तीवरून. रिचार्ज संपला. सकाळपासून गायीने थेंब दिला नाही, हाताला बी देत न्हाई, कास दगडावानी झालीया. बाई, दादा हितं शेजारी मशीन लावाया यायचे, कायबी बोलत बसायचे गायीपाशी. तुमी या. गाय गेली तर पोराला काय सांगू? आणि रडायला लागल्या.
त्यांना म्हणणार होते, मला वेळ नाही. म्हणता आलं नाही. आपण काय बोललो तेही नीट आठवत नाही. येते म्हटलं असावं, कारण त्यांनी रडणं थांबवलं.
भावजींना सांगितलं. त्यांनी पहिल्या एसटीची वेळ सांगितली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर
पहिल्या एसटीने निघाले, श्रीरामपूरला गाडी बदलली. माझ्या मोबाईलला वस्तीवर रेंज नव्हती, व्हिडिओ लागला नाही. मशीनचे कप मला सडांना लावता आले नाहीत. हातमोजा हलत नव्हता, गाय हलते. एक लाथ मांडीवर बसली. मग मी गायीच्या तोंडापाशी उभी राहिले आणि ती सनई तोंडाने वाजवली, पीं पीं करत, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि परत पहिल्यापासून. साळूबाई हसता हसता खाली बसल्या. गायीने कान टवकारले आणि पान्हा सोडला. मशीन तसंच पडून होतं. दूध साळूबाईंनी सुजल्या हातांनी काढलं.