बाबांची एका मिनिटाची गोष्ट

बाबा, गेल्या काही महिन्यांत नागपुरातल्या बऱ्याच लोकांना तुम्ही माहीत झाला आहात. नावाने नाही, नाव मी कुठेच घेतलेलं नाही. पण परवा मानेवाड्याच्या भाजीबाजारात एका बाईने मला थांबवलं आणि विचारलं, की ज्यांच्या बाबांना ऐकू येत नव्हतं त्या तुम्हीच ना. मी हो म्हटलं. तिने माझा हात धरला, डोळे पुसले आणि सासूला दाखवायला आणते म्हणून क्लिनिकचा पत्ता विचारून घेतला. मी पत्ता सांगितला. मेथी घ्यायची होती, ती न घेताच घरी आले.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होते. पुढे आईचे गुडघे धरले, तिला एकटं ठेवणं जमेना, म्हणून परत आले आणि इथेच स्वतःचं सुरू केलं. कान तपासायची आवाजबंद खोली बांधून घेतली, बाहेर पाटी लावली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात कानाची तक्रार असलेली माणसं काय कमी असतील. माणसं होती, पण ती माझ्याकडे येत नव्हती. धंतोलीतल्या, रामदासपेठेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी माझी कार्डं घेऊन फिरले. बाहेर बसलेली मुलगी कार्ड घ्यायची आणि ड्रॉवरमध्ये टाकायची. पेशंट कोणाकडे पाठवायचा हे प्रत्येकाचं आधीच ठरलेलं होतं. कोणाचा मेहुणा, कोणाचा वर्गमित्र, कोणाच्या समाजाचा माणूस. मी कोणाचीच कोणी नव्हते. कापड गिरणीत बारा तास लूमवर, मागावर उभं राहून तुम्ही मला शिकवलंत, पण अशी ओळख तुमच्याकडे नव्हती आणि असायला पाहिजे होती हेही आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

मग कोणीतरी सांगितलं, म्हणून मी धंदेवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये गेले. दर बुधवारी सकाळी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात हे लोक जमतात. टाइल्सवाला, विमावाला, केटरर, सीए, सोलरवाला. प्रत्येक धंद्याचा एकच माणूस. प्रत्येकाने उठून एक मिनिट स्वतःबद्दल बोलायचं, मग तर्री-पोहे खायचे आणि एकमेकांना गिऱ्हाईक द्यायचं. मी उठायचे आणि कानाच्या नसा, लहान मुलांची तपासणी, साखरेच्या पेशंटने काय काळजी घ्यावी, असं सांगायचे. लोक मोबाइल बघायचे. पोह्यांच्या वेळी कोणी जवळ आलंच तर आडनाव विचारायचं, आडनाव कळल्यावर मूळ गाव विचारायचं, आणि अच्छा अच्छा म्हणत दुसऱ्या टेबलाकडे जायचं. तुम्हाला वेगळं काय सांगू. तुम्हीही ते अच्छा पाहिलेलं आहे. ऐकू आलं नसेल, पण चेहऱ्यावर नक्की वाचलं असेल.

त्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे. लोकांचे व्हिडिओ काढते, ते इन्स्टाग्रामवर टाकते, हाच तिचा व्यवसाय. माझ्यापेक्षा बरीच लहान, हुशार, मनाने चांगली. ती एकदा क्लिनिकवर आली आणि म्हणाली, "मॅडम, कानाचं मशीन कोणी पाहत नाही, माणूस पाहते. तुम्ही या लाइनमध्ये काहून आल्या ते सांगा." मी खरं ते सांगितलं. मला फिजिओथेरपीला जायचं होतं, नंबर लागला नाही, या कोर्सला जागा शिल्लक होती. ती हसली आणि हे कुठे बोलू नका म्हणाली. मग तिने सहज विचारलं की घरात कोणाला कानाचा त्रास होता का. मी म्हटलं, माझ्या बाबांना होता, बुटीबोरीच्या कापड गिरणीत विणाई खात्यात होते ते. ते ऐकल्यावर तिचा चेहरा जसा उजळला, तसा माझ्या बोलण्याने कोणाचा चेहरा मी या शहरात तोवर पाहिलेला नव्हता.

बाबा, तुम्ही दिसता मला. कंपनीच्या बसमधून उतरून तुम्ही थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसता. केसांत कापसाची पांढरी तुसं. आई तव्यावर पोळी टाकत दिवसभराचं सांगते आणि तुम्ही तिच्या ओठांकडे बघता. ती पाठ वळवून डबा काढायला लागली की तुम्ही थांबता आणि ती वळली की पुन्हा हुं हुं करता. तुमच्या शेजारी कुकर शिट्ट्या देतो आणि तुम्ही हलत नाही. टीव्हीवर काही विनोदी लागलं की आम्ही हसतो, तुम्ही आमच्याकडे बघून हसता, जरा मागाहून. मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच हसतात.

सातवीत होते मी. वस्तीतल्या विहाराच्या पटांगणात कोणाचं तरी लग्न होतं. एक पाहुणे तुम्हाला काही विचारत होते आणि तुम्ही भलतंच उत्तर देत होता. आजूबाजूचे गालात हसत होते. मला ते सहन झालं नाही. मी मोठ्याने म्हटलं की बाबांना ऐकू येत नाही, जोरात बोला. घरी आल्यावर तुम्ही दार लावलंत. तुम्ही नेहमी मोठ्याने बोलायचात, तुमचा आवाज तुम्हालाच कळत नसे. त्या दिवशी मात्र अगदी हळू बोललात. "कंपनीत समजलं तर मले लूमवरून काढतीन. गेटवर बसवतीन नाही तर घरी. बाहेर नाही सांगायचं, बाई. कोणालेच नाही." त्यानंतर मी कोणालाच सांगितलं नाही. कॉलेजात आमच्या मॅडमनी वर्गात विचारलं होतं, कोणाच्या घरी असा पेशंट आहे का. मी हात वर केला नाही. शेवटच्या वर्षाला असताना मी तुमच्या मागे लागले, एकदा चला, माझ्याच कॉलेजात तपासते. तुम्ही म्हणालात, "मले ऐकू येते. तूच कमी बोलत जा." आणि आई आणि तुम्ही किती तरी वेळ हसत राहिलात.

आणि तुम्हीच मी पास झाले तेव्हा सीताबर्डीवरून माझ्या नावाची पाटी करून आणलीत. नाव आणि त्याखाली डिग्री. मी पुण्याला निघाले होते, त्या घरात राहणारही नव्हते, तरी तुम्ही स्वतः स्टुलावर चढून ती दारावर ठोकलीत. आई म्हणाली, पोरगी इथं राहणार नाही तर पाटी कोणासाठी. तुम्ही म्हणालात, असू दे, लोकायले दिसलं पायजे. स्वतःबद्दल काहीच दिसू द्यायचं नाही आणि माझं सगळं दिसायला हवं, हे दोन्ही तुमचंच. यातलं कोणतं ऐकायचं हे मी तुम्हाला विचारू शकत नाही.

तर तो व्हिडिओ काढला. मी मशीन हातात घेऊन बसले आणि तुमच्याबद्दल बोलले. लूमचा आवाज, कानातले कापसाचे बोळे, उंबरा, कुकरच्या शिट्ट्या. सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य तिने लिहून दिलं होतं. आज माझे बाबा असते, तर त्यांना माझा आवाज ऐकू आला असता. मी तिला म्हटलं, हे असं म्हणता येणार नाही. तपासणी झालेली नव्हती. इतकी वर्षं लूमच्या आवाजात गेलेली नस असेल, तर मशीन आवाज मोठा करतं, पण शब्द सुटे करून देऊ शकतंच असं नाही. ती म्हणाली, "मॅडम, इतकं कोण पाहते. एकच तर वाक्य आहे." मी ते म्हटलं. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा म्हणताना गळा भरून आला आणि तिने तेच ठेवलं.

त्यानंतर फोन थांबेना. बुधवारी माझं मिनिट संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ज्यांच्याकडे माझी कार्डं ड्रॉवरमध्ये गेली होती त्या डॉक्टरांपैकी एकाने स्वतः फोन केला आणि पेशंट पाठवू का विचारलं. आईने तो व्हिडिओ शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला. संध्याकाळी कोथिंबीर निवडत म्हणाली की तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला नसतात.  मग तिनेच विचारलं, "पण चालून राहिलं ना वं तुयं?" मी म्हटलं, चालून राहिलं. ती पुन्हा कोथिंबिरीकडे वळली.

मग एका दुपारी तुमच्या खात्यातले काका आले. त्यांच्या सुनेने तो व्हिडिओ पाहून त्यांना आणलं होतं. दारातूनच मोठ्याने जयभीम म्हणाले, अगदी तुम्ही म्हणायचात तितक्या मोठ्याने, आणि मी दचकले. त्यांचेही कान गेलेत. तुमच्या शेजारच्याच लूमवर होते म्हणाले. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, की बाबांचं कोणाला कळलं होतं का. त्यांनी वाचलं आणि हसले.

"सगळ्यायले माहीत होतं, पोरी. साहेब आला का आम्ही तुया बाबाच्या खांद्याले हात लावू. त्याले वाटे का कोणालेच माहीत नाही. आम्ही तसंच राहू देलं."

मी पेनाला टोपण लावलं. मग मी त्यांना खोलीत बसवून तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं असतं. ते काचेतून माझ्याकडे बघत राहिले, फार थोड्या वेळा दाबलं. आलेख पाहिला तेव्हाच मला कळलं, नस गेलेली होती. तरी मी त्यांच्या कानाला मशीन लावून पाहिलं. पंख्याचा आवाज आला, बाहेर कोणी खुर्ची ओढली त्याने ते एकदम आक्रसले. मी पुढ्यात बसून विचारलं, काका, जेवण झालं का. त्यांची नजर माझ्या ओठांवर आली आणि तिथेच थांबली. मी हाताने ओठ झाकून पुन्हा विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"आवाज येते. बोलणं नाही येत." मग जरा थांबून म्हणाले, "सुनेनं लिहून दाखवलं, तू तर त्या व्हिडिओत म्हणतं ना वं, का बाबाले ऐकू आलं असतं."

  मी सुनेला आत बोलावलं आणि तिला समजावून सांगायला लागले, की सवयीने थोडा फरक पडेल, दारावरची बेल कळेल, गाडीचा हॉर्न कळेल. काकांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं. राहू दे म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. जाताना सुनेने आमचा तिघांचा फोटो काढला. संध्याकाळी तो सगळीकडे होता. तिने भाबडेपणाने लिहिलं होतं की या मॅडमनी वडिलांच्या मित्राला वडिलांसारखं सांभाळलं. खाली लोकांनी अभिनंदन केलं होतं, की काकांना ऐकू आलं म्हणून. मी काही दुरुस्त केलं नाही. प्रत्येकाला काय आणि कसं सांगणार होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन करून व्हिडिओ काढून टाक म्हटलं. तिने वाद न घालता काढून टाकला. पण तोवर कोणी कोणी तो आपापल्या पानावर लावला होता, एकाने तर मागे बासरी टाकली होती. आता ते आपल्या हातात नाही मॅडम, असं ती म्हणाली, आणि तिलाही वाईट वाटत होतं. आणि त्याच व्हिडिओमुळे मागच्या महिन्यात कळमन्याहून एक जोडपं आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आलं. तिचे कान वेळेत तपासले गेले, मशीन बसलं, आता ती आवाजाकडे मान वळवते. तो व्हिडिओ नसता तर ते आले नसते. मग त्याला वाईट तरी कोणत्या तोंडाने म्हणू.

हे सगळं आज लिहायला बसायचं कारण वेगळंच आहे. पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपचा बायकांसाठी मोठा कार्यक्रम आहे. धंद्यात उभ्या राहिलेल्या प्रत्येकीने, आपल्याला जिने किंवा ज्याने घडवलं त्या माणसाला पत्र लिहून ते स्टेजवर वाचायचं आहे. मला सगळ्यात शेवटी ठेवलं आहे. माझ्यानंतर कोणी बोललं तर लोकांचं लक्ष लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. व्हिडिओतलं ते शेवटचं वाक्य घ्याच, असंही सांगितलंय. दुपारचे पेशंट संपले, दार लोटून घेतलं आणि तेच पत्र लिहायला बसले होते. लिहिताना हे झालं. हे तिथे वाचता येणार नाही. यात फिजिओथेरपी आहे, काका आहेत, तुमचं नाही म्हणणं आहे.

म्हणून हे इथेच ठेवते आणि त्यांना हवं आहे ते लिहायला घेते. त्यांना नाही म्हणायचं होतं, बाबा, पण म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या पत्राची पहिली ओळ मला सुचलीसुद्धा आहे. चांगली आहे.