पिछाडीच्या दोन खुंट्या

कोलशेत बंदर,
श्रावण शुद्ध द्वादशी, भर दुपार

आंबिवलीस मुक्काम असलेले आमचे थोरले मेहुणे राजमान्य राजश्री गुणाजीराव यांना कोलशेतहून देवरामचा वाकून रामराम. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल, वहिनींची शुगर शुद्धीवर आली असेल आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाचं पाणी आपल्या भिंतीत उतरायचं थांबलं असेल, अशी आशा आहे. इकडे मी एकदम ठणठणीत. (डावं कोपर सोललंय आणि पोटाभोवती एक वळ आहे, पण ते पुढे येईलच.) अक्षर वेडंवाकडं दिसेल, त्याचा वयाशी काही संबंध नाही. कारण शेवटी सांगतो.

फोन करता आला असता हे मान्य. पण तुम्ही फोन उचललात की आधी स्पीकर लावता, आणि मग माझ्या प्रत्येक वाक्याला तुमच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचं उत्तर येतं. गेल्या अकरा दिवसांत मी चार वेळा फोन केला, चारही वेळा तुमच्याकडे कढई पडली. माझी बायको मालू तुमची सख्खी बहीण आहे, तिचा हात कसा आहे ते मी तुम्हाला काय सांगणार. म्हणून हे पत्र. तुमची समिधा इथेच कोलशेतला ऑफिसात आहे, ती साडेपाचला सुटली की बंदरावरून घेऊन येईल. मनातल्या मनात वाचावं ही विनंती. विषय साधाच आहे. माझं ड्रिल मशीन तीन वर्षांपूर्वी तुम्ही घड्याळ टांगायला नेलेलं, ते हवं होतं. घड्याळ एव्हाना टांगून झालं असेल.

आता मालूबद्दल. ती वहिनींना पापड लाटायला मदत करायला गेलीय, असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय. (श्रावणात पापड? असं शेजारच्या होडीवाल्या श्रीपादनं विचारलं. मी म्हटलं, आंबिवलीला ऊन वेगळं असतं.) तिनं तुम्हाला काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही, पण एकाच बाजूचं ऐकून निकाल देऊ नये, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रिटायर झाल्यावर मी ती मशीनची फायबर होडी घेतली, तिचा नारळ तुमच्याच हातानं फुटलाय. तिच्या पिछाडीला, डावीकडे एक नि उजवीकडे एक, दोर अडकवायच्या दोन खुंट्या होत्या. अल्युमिनियमच्या, आणि आधीच्या मालकानं नुसते स्क्रू पिळून बसवलेल्या. खारं पाणी लागून त्यांना पांढरी खपली धरलेली आणि हातानं हलवल्या की दुधाच्या दातासारख्या हलायच्या. मालू वर्षभर सांगत होती, खुंट्या बदला. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. रिटायर झालेल्या माणसाला रविवार ओळखता येत नाही, यात माझा काय दोष?

दुसरं असं, की होडी बांधायचं काम पहिल्यापासून मालूचंच. मी कोळ्याच्या पोटी जन्मलो खरा, पण चोविसाव्या वर्षी कंपनीत फिटर म्हणून लागलो तो चौतीस वर्षांनी बाहेर आलो. (बंदरावर मला अजून ‘कंपनीवाला’ म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो.) अवसेच्या दिवशी मालू नात्यातल्या हळदीला गेलेली. (आषाढी अवसेला हळद? नवरामुलगा बोटीवर नोकरीला, सुट्टी तेवढीच मिळाली.) सकाळी पूर्ण ओहोटी होती, तेव्हा होडी मी बांधली. आणि कशी बांधली, तर तारेसारखी ताठ. ढिलं ठेवणं हा आमच्या कंपनीत गुन्हा होता. एखादा नट ढिला सापडला की आमचे साहेब तीन पिढ्यांचा उद्धार करायचे. मी बांधली, लांबून पाहिली, समाधान वाटलं, घरी जाऊन पोहे खाल्ले.

दुपारपर्यंत उधाणाचं पाणी चढलं. होडीला वर यायचं होतं आणि माझा दोर तिला शेपटीला धरून खाली ओढत होता. पिछाडी बुडायला लागली, मशीनपर्यंत पाणी आलं, आणि ऐन वेळी उजवी खुंटी स्क्रूंसकट उपटली आणि उडून श्रीपादच्या चिंबोऱ्यांच्या टोपलीत पडली. टोपली कलंडली. चिंबोऱ्या सुटल्या नि श्रीपाद धक्क्यावर नाचायला लागला. तेवढ्यात मालू हळदीहून परत आली, पिवळीजर्द. तिनं होडी पाहिली, श्रीपादला पाहिलं, दोर पाहिला. मी म्हटलं, खुंटी कुचकामी निघाली. त्यावर ती शांतपणे जे बोलली ते जसंच्या तसं देतो: “खुंटी बदलली म्हनून पानी थांबनार नाय. दोराला जागा ठेवा.”

इथे माझं चुकलं. मनात आलेलं तिथेच गिळायला हवं होतं, पण श्रीपाद ऐकत होता ना. मी म्हणालो, “तू मासळीचं बघ. फिटिंग माझं काम आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून आंबिवलीला निघाली. जाताना फक्त एवढंच म्हणाली, की सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कोणाबद्दल ते बोलली नाही. घरात आम्ही दोघंच होतो.

मग मात्र मी पेटलो. म्हटलं, आता या पिछाडीला अशा खुंट्या बसवतो की होडी मोडेल पण खुंटी हलणार नाही. आमचा जुना कंपनीमित्र सर्वेश, त्याचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडून स्टीलच्या दोन खुंट्या करून घेतल्या. एकेक अडीच किलोची. (श्रीपादनं विचारलं, यावर हत्ती बांधणार का. त्याच्या चिंबोऱ्यांचा राग आहे तो, मी मनावर घेत नाही.) नुसते स्क्रू मारायचे नाहीत, तर आरपार बोल्ट घालायचे आणि खालून फायबरला आधार म्हणून जाड पट्टी द्यायची, म्हणजे ओढ सगळ्या पिछाडीवर वाटली जाते. हे शास्त्र आहे गुणाजीराव, यात मी ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाही.

अडचण एवढीच, की खालून नट आवळायचा तर मागच्या खणात शिरावं लागतं, आणि तो खण बर्फाच्या पेटीसाठी केलाय, माझ्यासाठी नाही. छातीपर्यंत गेलो. पोटाशी अडकलो. (तो वळ.) तसाच उताणा पडून मापं घेतली. उताण्या माणसाचं डावं-उजवं उलट होतं हे ध्यानात आलं तेव्हा सर्वेशकडून आणलेल्या ड्रिलनं चार भोकं पाडून झालेली. ती मी रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली आणि नवी जरा पुढे पाडली. आता एक खुंटी दुसरीपेक्षा वीतभर पुढे आहे. विचारलं कोणी तर वाऱ्याच्या हिशेबानं ठेवलीय असं सांगतो.

पुढचं ऐका. बोल्ट वरून धरायला एक माणूस लागतो. हे काम घरात नेहमी मालू करते, मिक्सर असो की पंखा असो, आणि धरते म्हणजे धरते. आता ती पापड लाटत असल्यामुळे मी श्रीपादला विनवलं. तो वर बसला, मी खाली. अर्धा तास पाना फिरवला, घामाच्या धारा लागल्या, पण नट आवळायचं नाव घेईना. डोकं बाहेर काढून बघतो तर हा वरून बोल्टही फिरवतोय, माझ्याच बरोबरीनं, त्याच दिशेनं. म्हणाला, मला वाटलं मदत करायचीय. शेवटी त्याला घरी पाठवला, वरचा पाना दोरानं मशीनला करकचून बांधला आणि एकट्यानं आठही नट आवळले. तीन दिवस गेले, कोपर गेलं, पण आवळले.

तर सांगायचा मुद्दा, काम फत्ते झालंय. परवा पूर्ण वजन देऊन चाचणी घेतली. सहा तास. खुंटी केसभर हलली नाही. हे मालूच्या कानावर आपण सहज घालावं. सहज म्हणजे तिला मुद्दाम सांगतोय असं वाटू नये. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार, समिधाला आशीर्वाद, आणि गुडघ्याला गरम तेल लावत राहावं.

आपला,
देवराम

ता. क. ड्रिल मशीन पाठवू नये. वर लिहिल्याप्रमाणे काम झालेलंच आहे. ते आठवलं नव्हतं असं नाही, पण पत्राला काहीतरी कारण लागतं.

ता. क. दुसरा. तेरवा नारळी पुनव. छत्तीस वर्षं आम्ही खाडीला नारळ जोडीनं सोडलाय. पंधरा वर्षांपूर्वी मला डेंग्यू झालेला, तेव्हासुद्धा मालूनं मला घोंगडीत गुंडाळून बंदरावर आणलेलं. यंदा मी एकटा उभा राहिलो तर पापडांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि पापडांचं जाऊ दे. घर खायला उठतं गुणाजीराव. मी रोज दोन कप चहा करतो आणि दोन्ही मीच पितो. तुम्ही तिला जा म्हणू नका, ती मुद्दाम राहील. एवढंच विचारा, की पुनवेला तिच्या मासळीबाजारातल्या बायका एकसारखं काय नेसणार आहेत यंदा. बाकीचं तिचं ती बघेल.

ता. क. तिसरा. चाचणीबद्दल थोडं राहिलं. परवा सकाळी आठला, भरती पूर्ण असताना, मी नव्या खुंट्यांवर होडी बांधली. ताठ. जेवून आडवा झालो. दोनला श्रीपाद बोलवायला आला. पाणी पार खाली गेलेलं आणि आमची होडी शेपटीनं धक्क्याला लटकलेली, नाक चिखलात, मशीन आकाशाकडे. आतली बर्फाची पेटी, माझा डबा, मालूची कोलबीची चाळण, सगळं नाकाच्या बाजूला जाऊन बसलेलं. अर्धं बंदर फोटो काढत होतं. खुंट्या मात्र खरोखर केसभर हलल्या नाहीत. जुनी खुंटी निदान उपटून तरी आली होती, तिला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती. हे मालूला सांगू नये.

ता. क. चौथा, आणि हा तुमच्यासाठी नाही.

मालू, तू हे वाचतेयस. गुणाजीरावांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा कुठे असतो ते तुलाच माहीत असतं. फोटो समिधानं तुला परवाच दाखवला, हे तिनं मघाशी फोनवर सांगितलं. म्हणाली, आत्या हसली नाही. हसली असतीस तर बरं वाटलं असतं.

श्रीपाददेखत बोललो ते चुकलं. उद्या श्रीपाददेखत तसं सांगतो, त्याला वेळ आहे.

अक्षराचं कारण राहिलं. परवापासून मी होडी बांधलेलीच नाही. दोराला जागा ठेवायची ते कळलं, पण किती ठेवायची ते तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. म्हणून पत्र उजव्या हातानं लिहितोय आणि डाव्या हातात दोर आहे. पाणी उतरलं की सोडतो, चढलं की ओढतो. रात्री श्रीपाद नि मी पाळीनं बसतो. लिहितालिहिता संध्याकाळ झाली, ओहोटी संपलीय, पाणी फिरायला लागलंय आणि समोरून समिधा येताना दिसतेय.

ये तेव्हा ये. मी धरून बसलोय.